मुके अर्ज

आमच्या नंदुरबार जिल्ह्याला एक मान अवचित मिळून गेला आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते आमच्या टेंभलीला. माणसाला आकडा मिळाला, आणि आकड्यामागोमाग अर्ज आले. पूर्वी ते कागदावर असत, आता पडद्यावर असतात. कागदाला काही बोलता येत नसे. पडद्यावरच्या अर्जाला मात्र बोलता येते. तरीही तो मुका राहिला तर दोष कुणाचा, हे आमच्या मामांना विचारावे.

मामांची दृष्टी काचबिंदूने गेली. वय सत्तरीपलीकडे, बोलणे सडेतोड. मिरचीच्या मोसमात पथारीवरचा माल वाळला की ओला, हे ते ओसरीवर बसून नुसत्या वासावरून सांगतात. (खरेखोटे व्यापारी जाणोत, घरात कुणाची ना म्हणण्याची छाती नाही.) त्यांच्या संगणकावर मी एनव्हीडीए बसवून दिला आहे. पडदा वाचून दाखवणारा हा प्रोग्राम फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली तो करायला घेतला. माऊसचा बाण मामांच्या काय कामाचा? ते टॅबची कळ दाबीत, काठी टेकत गल्लीतून जावे तसे, एका चौकोनातून दुसऱ्यात जातात. आणि यंत्र कानाशी सांगत राहते, हा नावाचा चौकोन, हा पत्त्याचा.

म्हणजे सांगायला हवे. परवा एका खात्याचा अर्ज उघडला (कुठल्या ते विचारू नका, दिवाळी आहे), तर यंत्र म्हणाले, "एडिट, ब्लँक." पुन्हा टॅब. "एडिट, ब्लँक." असे अकरा वेळा. मी पाहतो तो प्रत्येक चौकोनाच्या डोक्यावर नाव ठसठशीत छापलेले!

"मामा, लिहिलंय की इथं!"

"लिहिलं असेल. बांधलेलं नाही."

मामींच्या फडताळात सगळे डबे एका घाटाचे. साखरेच्या डब्याच्या कडीला त्यांनी दोऱ्याची एक गाठ मारली आहे, मिठाच्या डब्याला दोन. शेजारच्या भिंतीवर 'साखर' लिहिले असते तर मामांचा चहा खारटच झाला असता! अर्जाचेही तेच. नाव आणि चौकोन यांची गाठ आतल्या लिखाणात एका ओळीत मारता येते; ती मारली की टॅबसरशी यंत्र नाव उच्चारते. डोळसांना फरकही कळत नाही.

पुढे जन्मतारीख. तिचे कॅलेंडर माऊसनेच उघडणारे, आणि मी ते उघडून दिले तर टॅबने बाहेर पडता येईना. अभिमन्यूच झाला त्यांचा. शिवाय प्रत्येक पानावर माथ्यावरचे चाळीसेक दुवे पहिल्यापासून ऐकायचे. 'मुख्य मजकुराकडे जा' असा एक दुवा आधी ठेवला असता तर ही वारी टळली असती. शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याचे चित्र आले, आणि त्याच्यापाशी अडलो असताना वेळ संपली. सारे पुसले गेले.

"द्या, मी भरतो," मी म्हटले.

"आज तू भरशील. उद्या चौकातला पोरगा. खातेक्रमांक, मोबाइलवर आलेला आकडा, सगळं त्याला मोठ्यानं सांगायचं. माझ्या पैशाची दवंडी मीच पिटू?"

यावर मला उत्तर सुचले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते 30 एप्रिल 2025 ला दिले आहे. बँकांची ओळखपडताळणी पापण्या मिटून दाखवायला सांगते. ॲसिडने चेहरा भाजलेल्यांना ते जमत नाही, अंधांना कॅमेऱ्यासमोर चेहरा नेमका धरता येत नाही. दोघांच्या याचिका एकत्र ऐकून न्यायालय म्हणाले की अशा सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. 2016 चा दिव्यांग हक्कांचा कायदा तर आधीपासून होताच.

मी निकालाची बातमी मामांना वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा ऐकली, आणि त्या खात्याला पत्र टंकायला बसले. पहिले पान गाठींविषयी आहे. दुसरे अजून चालू आहे; त्यात फक्त जन्मतारखेच्या चौकोनाचा समाचार आहे.