तापीकाठची दैनंदिनी : बऱ्हाणपूर पायी पायी

मंगळवार

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी बऱ्हाणपूरला थांबली की उतरतात ते बहुतेक घरी परतणारे. फिरायला निघालेले लोक पुढे जातात. एकटा उतरलेला प्रवासी मात्र रिक्षावाल्यांना नको म्हणून लालबागेच्या रस्त्याने चालू लागतो. या शहराची सर्वांत मोठी करामत स्टेशनापासून जवळच, जमिनीच्या पोटात आहे.

तिचे नाव कुंडी भंडारा. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत असते. १६१५च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने ते वाटेतच अडवले. शंभरावर विहिरी, म्हणजे कुंड्या, ओळीने खणल्या आणि तळाशी बोगद्याने एकमेकींना जोडल्या. बोगद्याला उतार इतका बेताचा, की मोट-रहाटाशिवाय पाणी आपसूक शहराकडे निघाले. कुंड्यांमुळे आत हवा खेळते आणि सफाईला उतरण्याची वाटही तीच.

एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे. सुमारे ऐंशी फूट खाली गेल्यावर पायांशी वाहते, नितळ पाणी लागते. भिंतींवर पाण्यातल्या क्षारांची पांढरी पुटे चढली आहेत. ती दाट होत गेली की झऱ्यांची तोंडे बुजतात. भोवती कूपनलिका वाढल्या की भूजलाची पातळी खाली जाते. चारशे वर्षे विजेवाचून चाललेली ही योजना आपल्या पिढीच्या हातून आटू नये.

बुधवार

सकाळी शनवारा दरवाजातून जुन्या शहरात. लालबागेकडचे पाणी पूर्वी जाली करंज या हौदात येई आणि तिथून मातीच्या नळांनी मोहल्ल्यांत खेळे. आता त्या मोहल्ल्यांत यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये इथून गेला, तेव्हा बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जात असल्याचे त्याने नोंदवले. मागांची जात बदलली, पण विणकामाने शहर सोडलेले नाही.

दुपार जामा मशिदीत गेली. फारुकी सुलतान आदिलशाहाने ती बांधली. आत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे आणि पंचांगाच्या रीतीने दिलेला काळ आहे : विक्रम संवत १६४६, शके १५११. मराठी माणसाला शके वाचून ही तारीख लगेच उमगते.

बाहेर बाजारात मावा जिलेबी. खव्याची, जाड, काळपट तपकिरी. रमजानात मुंबईच्या मोहम्मद अली रस्त्यावर हिच्यासाठी झुंबड उडते.

गुरुवार

तापीच्या काठावर शाही किल्ला. पडक्या भिंतींमधून वाट काढत हमामखान्यात शिरले की छतावरचे रंगीत नक्षीकाम अजून टवटवीत दिसते. १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात, मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली. नदीपलीकडे जैनाबादेत आहूखान्याच्या बागेत तिला दफन केले आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला.

बऱ्हाणपूरची ओळख विचारली, की हीच कथा पुढे येते. ताजमहाल आग्र्याला झाला, म्हणून हे शहर जणू हुकलेलेच. पण ज्यांनी इथे पाणी आणले, कापड विणले, मशिदीत दोन भाषांत लेख कोरले, त्यांचे काम हुकलेले नाही. ते जागेवर आहे. बऱ्हाणपूर पाहायला यायचे ते त्यांच्यासाठी.

शुक्रवार

शहराबाहेर बोहर्डा गावाकडे लांबची पायपीट. तापी आणि मोहना यांच्या संगमावर मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. १६६५मध्ये शिवरायांशी पुरंदरचा तह करणारे हे सेनानी दोनच वर्षांनी बऱ्हाणपुरात वारले. पुढे १६८१च्या आरंभी छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा याच शहरावर चालून आल्या आणि त्यांनी बहादूरपुऱ्याची पेठ लुटली. १७६०मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बऱ्हाणपूर पेशव्यांना दिले. एवढा मराठी इतिहास जिथे घडला, ते ठिकाण रावेरच्या पलीकडे, जळगाव जिल्ह्याच्या हद्दीला लागून आहे. तरी आपल्या सहलींच्या यादीत ते क्वचितच सापडते.

शनिवारी असीरगड. अकबराने १६०१मध्ये तो घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. त्या चढणीची हकीकत पुढच्या भागात.