वेंगुर्ल्याची डच वखार

गेल्या वैशाखांत आम्ही मालवणाहून वेंगुर्ल्याची डच वखार पाहावयास गेलों. समवेत दहा वर्षांचा नातू होता. चिरंजीव नोकरीनिमित्त हॉलंडांत असतात. नातू तेथील शाळेंत डच भाषेंत शिकतो व सुटींत घरीं आला होता. आल्यापासून तो आमच्याशीं फारसा बोलत नसे. दोष आमचाच. त्याचीं मराठी वाक्यें आम्ही इंग्रजीच्या आधारें दुरुस्त करीत होतों. शेवटीं पोरानें मौन धरिलें.

विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीनें डचांनीं १६३७ सालीं येथें वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांस येथून रसद मिळे. आतां पडक्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत.

भिंतीच्या सावलींत बसून आम्हीं सहज पुसलें, "बाळ, इंग्रजी ‘अ‍ॅट’ला डच भाषेंत काय म्हणतात?"

"कुठल्या ‘अ‍ॅट’ला, आजोबा?" तो म्हणाला. शाळेंत असतां ‘ऑप’, जेवावयास बसतां ‘आन’, आणि घरीं असतां निराळें अव्ययच नाहीं. ‘टाउस’ हा एकच शब्द. आमच्या ध्यानांत आलें कीं, मराठीची तऱ्हा फारशी निराळी नाहीं : शाळेंत, पानावर, घरीं. अव्ययाचा अर्थ शेजारच्या नामाच्या व क्रियेच्या संगतीनें ठरतो; तो सुटा काढून सांगूं गेल्यास फसगत ठरलेली.

मग त्यानेंच आमची परीक्षा आरंभिली. इंग्रजींत ‘स्टिल’, ‘यट’ व ‘मोअर’ असे तीन शब्द. डच भाषेंत पुष्कळदां तिहींचें काम एकटा ‘नॉख’ करतो. "मराठींत काय म्हणायचं?" आम्हीं वाक्यें करून पाहिलीं : तो अजून येथें आहे, तो अजून आला नाहीं, अजून एक लाडू दे. तिन्ही ठिकाणीं ‘अजून’! पोरास मराठीकडे येण्यास सरळ वाट होती, आणि आम्ही त्यास इंग्रजीच्या फेऱ्यानें नेत होतों.

हयातभर आम्हीं विद्यार्थ्यांकडून एका इंग्रजी शब्दास एक मराठी प्रतिशब्द घोकून घेतला. आधीं वाक्य पाहावें, मग शब्द निवडावा, हें त्यांस सांगावयाचें राहिलें. ज्या वाचकांचीं नातवंडें परदेशीं वाढत आहेत, त्यांनीं तरी तेथील भाषा मराठीशीं थेट ताडून पाहावी.

ऊन्ह कलल्यावर आम्ही उठूं लागलों. नातवानें हात धरला. "आजोबा, अजून थोडा वेळ बसूं या."

आम्ही बसलों. परततांना वाटभर तोच बोलत होता.