पळसगांवचा नाईक

आमच्या गोंदियाकडील मंडळींस कोंकण म्हणजे दूरचा मुलूख. परंतु कोंकण रेल्वेनें माणगांवास उतरल्यावर आम्हांस परकेपणा वाटला नाहीं. दोन्हीं मुलूख तांदुळाचे. आमच्याकडील बांधीला येथें खाचर म्हणतात व धानाला भात, एवढाच काय तो भेद. लावणीसाठीं चिखलांत वांकलेल्या पाठी सर्वत्र सारख्याच. रायगड जिल्ह्यांतील या तालुक्यांत पळसगांव-आमडोशी म्हणून एक लहानसें गांव आहे. १६ नोव्हेंबर १९२१ रोजीं तेथें यशवंत घाडगे याचा जन्म झाला. त्याचें स्मारक माणगांवांत तहसील कचेरीपाशीं आहे, व तेंच पाहण्यास आम्ही गेलों होतों.

कोंकणची शेती बहुधा एका पिकाची. तें हातीं आलें कीं घरांतील कर्त्या मुलानें एक तर मुंबईच्या गिरणीची वाट धरावी, नाहीं तर पलटणीची, असा त्या काळीं तेथील रिवाजच होता. यशवंत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत नाईकाच्या हुद्द्यास पोंचला. घरीं तरुण पत्नी होती.

१९४४ च्या जूनमध्यें रोम पडल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडे एकेक डोंगर लढवीत मागें सरत होतें. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत १० जुलै रोजीं, म्हणजे कोंकणांत लावणीची घाई असते त्या दिवसांत, यशवंताची तुकडी अगदीं जवळून मशीनगनच्या माऱ्यांत सांपडली. त्याच्याखेरीज सर्वजण ठार अथवा जखमी झाले. तो एकटाच मोर्च्यावर धांवून गेला. हातगोळा फेंकून त्यानें मशीनगन व ती चालविणारा दोन्हीं निकालांत काढलीं. आणखी एकास गोळी घातली. बंदूक पुन्हां भरण्यास उसंत नव्हती. तेव्हां ती नळीकडून धरून दस्त्याच्या घावांनीं त्यानें उरलेल्या दोघांस ठार केलें. इतक्यांत दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातींत व पाठींत शिरल्या, आणि जिंकलेल्या मोर्च्यांतच त्याचा प्राण गेला. वय अवघें २२.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या सन्मानाच्या लेखांत ही हकीकत थोडक्या ओळींत आहे. मात्र शेजारीं पडलेल्या सोबत्यांचीं नांवें तींत नाहींत. तेही कोणा खाचरवाल्याचेच मुलगे असतील.

अशा शिपायांविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून एक शब्द सहज निघत असे: पोटार्थी. १९४२ च्या चळवळींत ज्यांच्या घरचीं माणसें तुरुंगांत गेलीं, त्यांना परक्या सरकारचा गणवेश नकोसा वाटावा, हें स्वाभाविक होतें. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्य २५ लाखांच्या वर गेलें व त्यासाठीं सक्तीची भरती नव्हती, हेंही खरें. परंतु पोटासाठीं त्या सरकारची चाकरी करणारे शेतकऱ्यांचेच मुलगे तेवढे होते काय? कचेऱ्यांत, न्यायालयांत, शाळांत ती आपल्यापैकीं कितीकांनीं केली, आणि निवृत्तिवेतनही सुखानें घेतलें. त्यांना पोटार्थी म्हटलेलें आमच्या तरी ऐकण्यांत नाहीं. शिवाय त्या चाकरींत मशीनगनच्या समोर जाण्याचें कलम नव्हतें.

इटलीच्या मोहिमेंत ५,७८२ हिंदी सैनिक मेले. ज्यांच्या अंत्यस्थानाची खूण उरली नाहीं अशांचें स्मारक कॅसिनो येथें आहे. यशवंताचें नांव त्यावर कोरलेलें आहे. पुढें २०२३ सालीं पेरूजिया प्रांतांतील माँटोने या गांवींही त्याच्या नांवाचें स्मारक झालें. तें पुतळा नसून सूर्याच्या छायेवरून वेळ दाखविणारें यंत्र आहे. माँटोने हें डोंगरावरील खेडें, वस्ती माणगांवाहूनही पुष्कळ कमी. तेथील लोकांनीं पळसगांवच्या या मुलासाठीं तें उभारलें.