हजेरी

बँकेचे काउंटर साडेदहाला उघडायचे आणि मी पावणेनऊला सर्व्हर रूममध्ये येऊन बसायचो. २००४ साल. आमच्या सहकारी बँकेच्या अडतीस शाखा नुकत्याच मुख्य कचेरीला जोडल्या होत्या. जवळच्या लीज लाइनवर, आणि जत, आटपाडीकडच्या काही व्हीसॅटवर, म्हणजे गच्चीवरच्या छत्रीतून. काउंटर उघडायच्या आत कुठली शाखा लागलीय आणि कुठली नाही, हे बघायचं काम माझ्याकडे होतं. काळ्या खिडकीत पिंग लिहायचं, पुढे त्या शाखेच्या राउटरचा आयपी, एंटर. चार ओळी उमटल्या की वहीत शाखेच्या नावापुढे टिक करायची आणि पुढच्या शाखेकडे वळायचं. सगळ्या शाखा होईपर्यंत पाऊण तास जायचा.

त्या पाऊण तासात मी जे शिकलो ते कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही. लीज लाइनच्या शाखेचं उत्तर तीस-चाळीस मिलिसेकंदांत यायचं, व्हीसॅटच्या शाखेचं सहाशेच्या आसपास. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं. एका पिंगचा प्रवास दीड लाख किलोमीटरच्या जवळ जातो, आणि तेवढं अंतर कापायला प्रकाशालाही अर्धा सेकंद लागतो. पुढे पुढे नुसता आकडा बघून मला कळायचं, ही शाखा जमिनीवरून बोलतेय की आभाळातून. तिसऱ्या पिंगला आकडा एकदम चढला, तर त्या लाइनवर काहीतरी गडबड आहे हेही कळायचं.

आमच्या विभागात एक वयाने मोठे सहकारी होते. एके सकाळी ते मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "एकच काम अडतीसदा करतोयस, मग मशीनलाच सांग की." आणि त्यांनी एक ओळ लिहून दाखवली. यादीची फाइल उघड, तिच्यातून एकेक आयपी उचल, त्याला पिंग कर, यादी संपली की थांब. फॉर लूप मी कॉलेजात शिकलो होतो, पण तिथे तो एक ते दहा आकडे छापायला होता. इथे आकड्यांच्या जागी तासगाव आलं, पलूस आलं, विटा, शिराळा, कवठेमहांकाळ आलं. पडद्यावरून एकेक गाव सरकताना मी बघत राहिलो. प्रोग्रॅमिंग कशासाठी असतं, ते मला त्या दिवशी समजलं.

ती ओळ बॅच फाइलमध्ये उतरवली तर चालेना. खिडकीत टाइप केली की चालायची, फाइलमधून अजिबात नाही. दोन रात्री मी तिच्याशी झगडलो. खिडकीत चलाच्या नावाआधी टक्क्याचं एक चिन्ह लागतं, फाइलमध्ये दोन लागतात. एवढंच होतं ते. शिकायला बसलेल्या माणसाची अशा एकेका चिन्हापायी रात्र जाते, हे मी आज नव्या मुलांना आधीच सांगून ठेवतो. नाहीतर त्यांना वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

पुढे मी त्या फाइलला निकाल लिहायलाही शिकवलं. पिंग यशस्वी झालं की विंडोज शून्य परत करते. शून्य आलं तर शाखेपुढे 'चालू', नाही तर 'बंद'. पाऊण तासाचं काम चार मिनिटांवर आलं.

मग पावसाळ्यातला तो दिवस. ऊसबिलं जमा झाली होती, शाखा-शाखांत रांगा होत्या. सव्वाअकराला एका शाखाधिकाऱ्यांचा फोन आला: "साहेब, सकाळपासून लिंक नाही. लोक ओरडायला लागलेत." माझ्यासमोरच्या यादीत त्या शाखेपुढे 'चालू' होतं. मी त्यांना सांगितलं, लिंक आहे, तुमचं मशीन बघा. अर्धा तास बिचारे मशीन बघत बसले. शेवटी मी हाताने पिंग केलं आणि ओळ पूर्ण वाचली. उत्तर आलं होतं, पण शाखेकडून नव्हे. आमच्याच मुख्य कचेरीतला राउटर सांगत होता की ते ठिकाण गाठता येत नाही. पिंगच्या लेखी मात्र उत्तर ते उत्तर. चार पाठवली, चार मिळाली, एकही हरवलं नाही. म्हणून शून्य आणि म्हणून 'चालू'.

मला आप्पा आठवले. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. हजेरी घेताना नाव उच्चारलं की ते हजेरीपटावरून मान वर उचलायचे. 'हजर' त्याच बाकावरून आलं का, ते बघायचे आणि मगच पेन टेकवायचे. गैरहजर पोराच्या नावाने शेजारचा ओरडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझी स्क्रिप्ट मान वर न करता हजेरी घेत होती. त्या संध्याकाळी मी तिच्यात एक अट घातली: उत्तराच्या ओळीत 'टीटीएल=' ही अक्षरं सापडली तरच 'चालू' लिहायचं. नकाराच्या निरोपात ती नसतात, समोरच्या यंत्राच्या खऱ्या उत्तरातच असतात. दुसऱ्या दिवशी मी त्या शाखाधिकाऱ्यांना फोन करून माफी मागितली.

पिंगचा इतिहास मी नंतर वाचला. माइक मूस नावाच्या माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिलं. अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत तो कामाला होता. नेटवर्कची एक अडचण त्याला उलगडत नव्हती, म्हणून त्याने हे हत्यार करून घेतलं. पाणबुडी शोधताना सोनार यंत्रणा आवाज पाण्यात सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते. त्या आवाजावरून नाव ठेवलं. २००० साली तो रस्ता-अपघातात गेला. जगातल्या प्रत्येक नेटवर्कवाल्याच्या बोटांत त्याचा शब्द आहे आणि बहुतेकांना त्याचं नाव माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पायथन मी २०१३ साली शिकलो, पस्तिशी ओलांडल्यावर. बॅच फाइल विचारपूस करायची, तेवढंच. मला आता राउटरमध्ये, स्विचमध्ये शिरून काम करायचं होतं. पॅरामिको आणि पुढे नेटमिको या लायब्ररींनी ती सोय केली: एसएसएचने लॉगिन कर, कमांड दे, आलेला मजकूर घेऊन ये. यादी तीच जुनी होती.

त्याच यादीने मला एकदा धडा दिला. शाखांमध्ये कॅमेरे बसणार होते, त्यांच्यासाठी प्रत्येक स्विचच्या ट्रंक पोर्टवर नवा व्हीलॅन तीस, म्हणजे त्याच तारेवरचं वेगळं नेटवर्क, घालायचा होता. त्या कमांडमध्ये 'ॲड' हा शब्द लागतो. तो असला की आधीच्या व्हीलॅनांत तीसची भर पडते. नसला की आधीचे सगळे निघतात आणि एकटा तीस उरतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये तो शब्द राहिला. पहिल्या शाखेत कमांड लागताक्षणी माझं स्वतःचं कनेक्शन तुटलं. हाताने काम करणारा माणूस तिथेच थांबला असता. पण मी स्क्रिप्टमध्ये मोठ्या हौसेने लिहिलं होतं की एखादी शाखा अडली तर तिला सोडून पुढे जा. ती पुढे गेली. मी कंट्रोल-सी दाबेपर्यंत अकरा शाखा बंद पडल्या होत्या.

वाचलो ते एवढ्यामुळे, की स्क्रिप्टने बदल सेव्ह केला नव्हता. अकरा शाखांना फोन लावले. शिपाईमामांना सांगितलं: कपाटात वरचा निळा-राखाडी डबा आहे, त्याची पिन काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा. स्विच जुन्या सेटिंगवर उठले. पाऊण तासात सगळ्या शाखा परत आल्या. 'ॲड' विसरणं ही चूक खरीच, पण मी 'पुढे जा' ही ओळ जास्त मोठी चूक मानतो. आता माझी प्रत्येक स्क्रिप्ट आधी स्विचला सांगते, दहा मिनिटांनी रीलोड हो. मग बदल करते, पुन्हा लॉगिन करून शाखा उत्तर देते का बघते, आणि उत्तर मिळालं तरच ते रीलोड रद्द करते. पहिली शाखा झाली की थांबते आणि मला विचारते. विचारल्याशिवाय दुसरीकडे जात नाही.

आज शाखा बासष्ट आहेत. हजेरीची स्क्रिप्ट रोज सव्वाआठला आपणहून चालते आणि पावणेनऊला मी येतो तेव्हा निकाल तयार असतो. विभागात नव्याने येणाऱ्या मुलाला मात्र पहिले पंधरा दिवस मी ती देत नाही. छापील यादी देतो, पेन देतो आणि सांगतो, एकेक शाखा हाताने पिंग कर, ओळ पूर्ण वाच, मग टिक कर. या सोमवारी रुजू झालेल्या मुलाने काल विचारलं, "सर, या दोनच शाखांचे आकडे सहाशेच्या घरात का?" पुढच्या आठवड्यात त्याला त्यातल्या एका शाखेत घेऊन जाणार आहे, गच्चीवरची छत्री दाखवायला.