तात्या विंचू पडद्यावरच शोभतो

उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे घरी आली, की दूरचित्रवाणीवर जुने मराठी चित्रपट सुरू होतात आणि त्यांत ‘झपाटलेला’ हमखास असतो. महेश कोठारे यांचा १९९३ सालचा हा चित्रपट आज आजोबा, मुलगा आणि नातू एकत्र बसून पाहतात. तात्या विंचू नावाचा गुंड मरतेवेळी मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि पुढे लक्ष्याच्या देहात शिरण्यासाठी धडपडतो. दिलीप प्रभावळकरांचा तात्या, रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरगुंडी यांमुळे भीती आणि हसू एकाच श्वासात येतात.

मारामारी, विनोद आणि भुतेखेते यांची ही मिसळ जगात इतरत्रही आवडीने पाहिली गेली. हाँगकाँगच्या ‘मिस्टर व्हॅम्पायर’ या १९८५च्या चित्रपटात कुंगफूच्या हाणामारीत टुणटुण उड्या मारणारी प्रेते येतात. माणसाच्या श्वासावरून ती त्याचा माग काढतात, म्हणून पात्रे श्वास रोखून उभी राहतात. कपाळावर मंतरलेला पिवळा कागद चिकटवला, की प्रेत जागीच थांबते. तात्या विंचूचा अंतही असाच ठरलेला आहे, दोन भुवयांच्या मधोमध लागलेल्या गोळीने. अशा चित्रपटांत भीतीला नियम असतो आणि उपायही असतो, म्हणूनच आपण निर्धास्तपणे हसतो.

खऱ्या घरात मात्र असे हसू येत नाही. सत्तरी ओलांडलेली आई रात्री अचानक म्हणते, “तठे कोनी तरी उभं शे.” काल स्वयंपाकघरात वावरणारी ही बाई आज मुलाला ओळखत नाही, अंथरुणावरची चादर ओढत राहते, दिवसा झोपते आणि संध्याकाळ झाली की बडबडू लागते. जळगाव-धुळ्याकडच्या माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात अशा वेळी “बाहेरचं काहीतरी लागलं” हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले. अंगारा लावला जातो, नारळ उतरवून टाकला जातो, कधी भगताकडे नेले जाते. त्यात दोन-तीन दिवस जातात आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

या अवस्थेला आम्ही ‘डेलिरियम’ म्हणतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला हा गोंधळ मेंदूने दिलेला धोक्याचा इशारा असतो. कारण बहुधा शरीरात सापडते. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातील साखर एकाएकी उतरणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, नव्याने सुरू केलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी, ही त्यांतली नेहमीची कारणे. आपल्या खानदेशात वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा शरीरातले पाणी आणि सोडियम कमी होणे हेही मोठे कारण ठरते. वृद्धांना तहान कमी लागते आणि रात्री उठावे लागेल म्हणून अनेकजण पाणी मुद्दाम टाळतात.

प्रत्येक आभास डेलिरियमचाच असतो, असेही नाही. मोतीबिंदूने किंवा पडद्याच्या विकाराने दृष्टी मंदावली, की कोणाला अंगणात मुले दिसतात, कोणाला रंगीत कपड्यांतली माणसे. ती बोलत नाहीत आणि ती खरी नाहीत हे त्या व्यक्तीला बहुधा कळत असते. शार्ल बॉने या स्विस विद्वानाने १७६० साली आपल्या आजोबांच्या अशाच अनुभवाची नोंद केली. म्हणून या स्थितीला त्याचे नाव मिळाले. हे वेड नव्हे. पण आपल्याला वेडे ठरवतील या भयाने अनेक वृद्ध तोंड उघडत नाहीत. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या कळवळून सांगतो आणि कोणी विश्वास ठेवत नाही. पडद्यावर त्याचा विनोद होतो. घरात मात्र म्हातारे माणूस त्यामुळे एकटे पडते.

तेव्हा आपण काय करावे? “तिथे कोणी नाही” म्हणून वाद घालू नये आणि “हो, मलाही दिसते” असेही म्हणू नये. हात हातात घेऊन “मी इथेच आहे” म्हणावे. मंद दिवा चालू ठेवावा, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून द्यावे. मधुमेह असेल तर साखर लगेच तपासावी. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ताप, दम, हातापायातील अशक्तपणा, बोलण्यातला अडखळ किंवा अतिशय गुंगी असेल, तर तडक रुग्णालयात न्यावे.

देवापुढे दिवा लावायला माझी कधीच ना नसते, मात्र त्यासाठी उपचार थांबवू नयेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

‘झपाटलेला’ जरूर पाहा, नातवंडांसह मनसोक्त हसा. चित्रपट संपला, की घरातल्या वडीलधाऱ्यांना एक साधा प्रश्न हळूच विचारा, “रात्री तुम्हांला काही दिसतं का?” आणि उत्तर काहीही आले तरी हसू नका, शेवटपर्यंत ऐकून घ्या.