तिळाशिवाय संक्रांत

संक्रांतीला आमच्या घरात तीळ येत नाही. लेकीला त्याची ॲलर्जी आहे. ती दोन वर्षांची असताना बोटभर चटणीने तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घुसमटू लागला. आता ती आठ वर्षांची आहे. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आमच्या पिशवीत कायम असतं, आणि कुठलाही डबा किंवा पुडा हातात आला की आधी उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायची, ही घराची सवय झाली आहे.

तीळ आपल्या भाषेत किती मुरलाय हे मला तेव्हा कळलं. 'तेल' हा शब्दच तिळातून निघाला : तिल, तैल, तेल. तमिळमध्ये तिळाच्या तेलाला 'नल्लेण्णै', म्हणजे चांगलं तेल, म्हणतात. दिवाळीच्या अभ्यंगाला अनेक घरांत तेच लागतं. संक्रांतीच्या काटेरी हलव्याच्या पोटातही पुष्कळदा तीळच असतो. मंद आचेवर पाकाचे थेंब घालत, हाताने हलवत त्यावर काटे आणतात. त्याच हलव्याचे दागिने बोरन्हाणाला बाळाच्या गळ्यात घालायचे. एक तीळ सात जणांनी वाटून खावा, अशी म्हण आहे. आमच्या घरी तिचा अर्थ उलटा लागतो : सातवा भागही पुरे होतो.

पण तीळ टाळणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. अवघड आहे ते देणं-घेणं. आम्ही बेंगळुरूत राहतो. इथे संक्रांतीला तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे आणि डाळं यांचं मिश्रण घरोघरी वाटतात. सोबत ऊस आणि साखरेच्या साच्यातली चित्रं असतात. देताना म्हणतात, 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि', तीळगूळ खाऊन चांगलं बोला. म्हणजे दोन्ही भाषांत अट तीच : आधी तीळ, मग गोड शब्द. हात मागे घेणाऱ्याने जणू गोड बोलणंच नाकारलं. वडीलधाऱ्यांनी दिलेलं दोन्ही हातांनी घ्यावं, नमस्कार करावा, हे आपण मुलांना बोलायला लागण्याआधी शिकवतो. मला माझ्या मुलीला तीन वर्षांची असताना उलट शिकवावं लागलं : आजी असो, काकू असो, नको म्हणायचं. समोरचं माणूस दुखावतं. 'एवढ्याशाने काय होतंय?' असं ते प्रेमानेच म्हणतं. रागाने म्हटलं असतं तर उत्तर देणं सोपं गेलं असतं.

काही शेजारणी समजूतदार. इतर मुलांच्या हातावर तीळगूळ ठेवून झाला की आतून लेकीसाठी वेगळी वस्तू आणायच्या : खोडरबर, क्लिप, कधी चांगली बाहुली. हेतू सोन्यासारखा. पण पाच मुलांत चौघांना एक आणि पाचवीला दुसरं मिळालं की बाहुली कितीही सुंदर असो, तिच्यावर 'आजारी' असं लिहिलेलंच असतं. ती वस्तू घेऊन लेक माझ्या मागे उभी राहायची.

अमेरिकेत हॅलोवीनला याच प्रश्नावर एक साधी युक्ती निघाली. टेनेसीतल्या एका आईची कल्पना एका ॲलर्जीविषयक संस्थेने 2014 साली देशभर नेली : दारात मोरपिशी निळा भोपळा ठेवायचा. इथे खाऊखेरीज काहीतरी मिळतं, एवढाच त्याचा अर्थ. मला त्यातली आवडणारी गोष्ट अशी की भोपळा घराच्या दारात असतो, मुलाच्या गळ्यात नसतो. आपण कोण आहोत, आपल्याला काय होतं, हे मुलाला सांगावंच लागत नाही.

आपल्याकडे तर यासाठी वेगळी खूण शोधायचीही गरज नाही. दसऱ्याला आपण आपट्याची पानं देतो, कर्नाटकात बन्नीची, म्हणजे शमीची. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. ते पान कोणी खात नाही. हळदीकुंकवाला बायका लुटतात ते वाणही बहुधा वाटी, कंगवा, फणी असलंच असतं. अनुवाद करताना एखादा शब्द पलीकडे जातच नसेल, तर तो त्या वाक्यात काय काम करत होता ते पाहायचं असतं. तीळगुळाचं काम दोन माणसांना समोरासमोर आणायचं.

म्हणून आम्ही ठरवलं : आमच्या दारी येणाऱ्या प्रत्येक मुलाला एकच वस्तू, आणि ती खाण्याची नाही. पहिल्या वर्षी रंगीत खडू दिले. दुसऱ्या वर्षी चन्नपट्टणचे लाखेच्या रंगाचे भोवरे. ते गाव इथून तासा-दीड तासावर आहे. तिसऱ्या वर्षी मराठी आणि कन्नडमधली छोटी चित्रपुस्तकं. मुलं खूश होती. सासूबाई मात्र गप्प होत्या. चाळीस वर्षं त्यांनी हलवा स्वतः केला. शेगडीपुढे तासन्‌तास बसून आणलेल्या त्या काट्यांच्या जागी दुकानातली पुडी आली होती, आणि त्यांच्या हातांना काम उरलं नव्हतं. नातीसाठी त्यांनी तीळ सोडला, एका शब्दाने कुरकुर केली नाही. पण सण त्यांच्या हातून सुटत होता, हे दिसत होतं.

चौथ्या वर्षी त्यांनी आपली विरलेली काळी चंद्रकळा फाडून बारा बटवे शिवले. प्रत्येकात पाच सागरगोटे. शेजारच्या अज्जींनी ते हातात घेतले आणि ओळखले. कन्नडात गज्जुग, मराठीत गजगा. दोघींना वेगळी नावं सांगायची गरजच पडली नाही. त्या संध्याकाळी दोघी जिन्यातच बसल्या आणि मुलांना सागरगोटे झेलायला शिकवू लागल्या. पायऱ्यांवर ताटातला तीळगूळ नव्हता, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

कोणाला असं काही करायचं असेल तर थोडं सांगते. तीन वर्षांखालच्या मुलांना सागरगोटे, मणी, गोट्या देऊ नयेत, ती तोंडात घालतात. गहू न चालणाऱ्या मुलाला खेळायची मऊ माती देताना पाहावं, तिच्या काही प्रकारांत गव्हाचं पीठ असतं. खाऊच द्यायचा असेल, तर डबीतल्या हिंगातही बहुधा मैदा असतो, म्हणजे चिवडाही गेला. टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलाचं गणित आणखी वेगळं : त्याची साखर उतरली तर गोडाचा तोच तुकडा औषध ठरतो. म्हणून अंदाज बांधू नये, आईबापांना आधी विचारावं. विचारल्याने कोणी दुखावत नाही. आणि जे द्याल ते सगळ्यांना सारखं द्या.

बटव्यांचं कापड आता संपलंय. पुढच्या संक्रांतीला काय, यावर सासूबाई आणि नात गेल्या आठवड्यापासून कुजबुजताहेत. मला अजून सांगितलेलं नाही.