होइमा ते टांगा : तेलवाहिनीच्या वाटेवरची गावे

पूर्व आफ्रिकेतला युगांडा देश विषुववृत्तावर आहे, पण रखरखीत नाही. बऱ्याच भागात वर्षातून दोनदा पाऊस, तांबडी माती आणि जिकडे पाहावे तिकडे केळी. ही केळी पिकवून खाण्याची नव्हेत. हिरवी असतानाच सोलायची, केळीच्याच पानात बांधून वाफवायची आणि कुस्करून कालवणाबरोबर खायची. याला तिकडे मटोके म्हणतात. आपल्याकडे जशी भाकरी, तसे त्यांच्याकडे मटोके. एकदा लावलेली बाग मुनव्यांवर वर्षानुवर्षे चालते. बापाने लावावी आणि मुलाने घड उतरवावेत. जोडीला कॉफीची झाडे, शेंगा, मका आणि ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा.

देशाच्या पश्चिम कडेला आल्बर्ट सरोवर आहे. पलीकडचा काठ काँगोचा. या सरोवराच्या खोऱ्यात २००६ साली जमिनीखाली खनिज तेल सापडले. जवळच मर्चिसन धबधबा आहे. एवढी मोठी नाईल नदी, पण येथे ती अवघ्या सात मीटर रुंदीच्या खडकाच्या फटीतून खाली कोसळते. भोवती हत्ती, जिराफ आणि पाणघोड्यांचे राष्ट्रीय उद्यान. तेलाच्या विहिरींपैकी काही याच उद्यानाच्या हद्दीत आहेत.

युगांडाला समुद्र नाही. म्हणून होइमा जिल्ह्यापासून शेजारच्या टांझानियातील टांगा बंदरापर्यंत १,४४३ किलोमीटर लांबीची तेलवाहिनी आखली गेली. त्यातले १,१४७ किलोमीटर टांझानियात. फ्रान्सच्या टोटलएनर्जीज कंपनीचा हिस्सा ६२ टक्के, चीनच्या सीनूकचा ८ आणि दोन्ही देशांच्या सरकारी तेल कंपन्यांचा प्रत्येकी १५ टक्के. पैसे गुंतवण्याचा शेवटचा निर्णय फेब्रुवारी २०२२ मध्ये झाला. हे तेल मेणचट आहे. थंडीत खोबरेल जसे बाटलीत थिजते, तसे ते थिजते. त्यामुळे दोन फूट व्यासाची ही नळी विजेवर तापवून आतले तेल सुमारे ५० अंशांवर ठेवावे लागते. नळी पुरायची जमिनीखाली, पण वरची शंभर फूट रुंदीची पट्टी संपादन करावी लागली.

खरे दुखणे या पट्टीचे आहे. २०१८-१९ च्या सुमारास मोजणीदार आले. झाडे मोजली, घरे लिहून घेतली, आणि एक तारीख सांगितली. त्या तारखेनंतर लावलेल्या झाडाचा मोबदला मिळणार नाही. हंगामी पीक घ्या, पण केळी-कॉफी नवी लावू नका, घर वाढवू नका, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला. पैसे लवकर मिळते तर तेही चालले असते. ते आले अनेकांना तीन ते पाच वर्षांनी. मधल्या काळात बाग जुनी होत गेली आणि नवी लावता येईना. घरात खायला कमी पडू लागले, मुलांच्या फिया थकल्या. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. दोन हंगाम हुकले की काय होते ते आपण जाणतो. आणि पैसे हातात पडले तेव्हा शेजारच्या जमिनीचा भाव वर गेलेला. जुन्या दराने मिळालेल्या पैशात तेवढी जमीन येत नव्हती. युगांडाच्या राज्यघटनेत मात्र स्पष्ट लिहिले आहे, की जमीन ताब्यात घेण्याआधी तत्परतेने योग्य मोबदला द्यावा.

ज्यांची राहती घरे गेली, त्यांच्यासाठी कंपनीने नवी पक्की घरे बांधली, हेही सांगितले पाहिजे. पण सगळ्यांनी मोबदला घेतला नाही. तेलक्षेत्रातील ४२ कुटुंबांनी दर मान्य नाही म्हणून सही केली नाही. सरकार कोर्टात गेले. डिसेंबर २०२३ मध्ये होइमाच्या कोर्टाने काही दिवसांतच निकाल दिला : त्यांचे पैसे कोर्टात जमा करावेत आणि जमिनी मोकळ्या करून घ्याव्यात. फ्रान्समधला दावा मात्र २०१९ पासून तांत्रिक मुद्द्यांवर रेंगाळला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळला गेला. जूनमध्ये २६ बाधितांनी काही संस्थांसह तेथे नवा दावा लावला. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपच्या संसदेने या प्रकल्पाविरुद्ध ठराव केला, तेव्हा युगांडाचे सरकार चिडले. तुम्ही तेलावर श्रीमंत झालात, आता आम्हाला का अडवता, हा त्यांचा सवाल. सवाल खोटा नाही. पण तो शेतकऱ्याला मोबदला उशिरा का, याचे उत्तर होत नाही. ठरावाच्या बाजूने कंपालात मोर्चा काढणाऱ्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी पकडले, हेही उत्तर नव्हे.

पुढे तेलवाहिनी व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेकडून दक्षिणेला उतरते. तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा या सरोवराच्या पाणलोटात आहे. कोट्यवधी लोकांचे पिण्याचे पाणी आणि मासळी या सरोवरावर चालते. शिवाय हा भूकंपाचा टापू आहे. २०१६ साली कागेरा भागात भूकंपाने माणसे दगावली होती. नळी कितीही मजबूत असली तरी ही धास्ती राहतेच.

टांझानियात मुलूख कोरडा होत जातो. सिंगिडा, मन्यारा या भागांत बार्बाइग धनगर गुरे घेऊन चाऱ्यामागे फिरतात. त्यांच्याकडे सातबारा कुठला? कुरणाचा हक्क कागदावर दाखवायचा कसा, हा त्यांचा पेच. वाटेतली थडगीही हलवावी लागली.

शेवटी टांगा येते. येथे घायपाताचे मोठमोठे मळे आहेत. आपण बांधावर लावतो तेच घायपात, जर्मनांच्या राजवटीत येथे आले. किनाऱ्याला खारफुटी, नारळी आणि चोंगोलेआनी नावाचे कोळ्यांचे गाव. तेथेच तेलाच्या टाक्या आणि समुद्रात लांबवर गेलेला धक्का. त्याच पाण्यात हे लोक होडक्यांतून जाळी टाकत आले. धक्क्याच्या आसपास आता होडी नेता येत नाही, मासळीसाठी लांब जावे लागते, अशी त्यांची तक्रार आहे.